आई-बाबांना घेऊन स्वतःच्या गाडीने युरोप: जमतं, फक्त बारा दिवसांत सगळंच नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मिल्टन कीन्सला राहता, सात सीटची डिझेल गाडी आहे, पुण्याहून आई-बाबा ऑगस्टमध्ये येतायत, दोन मुलं धरून सहा माणसं, आणि बारा दिवसांत पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस, ऑस्ट्रिया आणि येताना ॲमस्टरडॅम असं सगळं गाडीने करायचंय. उजव्या बाजूने चालवायची भीती वाटते आणि कागदपत्रं काय लागतात ते कळत नाहीये. मी गेली पंधरा-सोळा वर्षं इंग्लंडातून गाडी घेऊन तिकडे जातोय, बहुतेक दर उन्हाळ्यात, त्यातल्या चार ट्रिपा आई-बाबांबरोबर झाल्या, त्यामुळे चुका जवळजवळ सगळ्या करून झाल्यात.

आधी यादीबद्दल. व्हेनिस, ऑस्ट्रिया आणि ॲमस्टरडॅम काढून टाका, आणि पॅरिससुद्धा. राग मानू नका. व्हेनिसला गाडीचा काहीच उपयोग नाही, ती मेस्त्रेला नाहीतर त्रोंकेत्तोच्या पार्किंगमध्ये ठेवून पुढे पायी आणि बोटीने. पॅरिसला गाडी म्हणजे गळ्यातली धोंड, तिथल्या रिंगरोडवर ऑक्टोबर २०२४ पासून ताशी ५० किमीची लिमिट आहे, ट्रॅफिक तर असतोच, आणि शहरात डिझेल गाडीला पोल्यूशन स्टिकरच्या भानगडी. पॅरिस लंडनहून ट्रेनने एखाद्या वीकेंडला वेगळं करा, आई-बाबांचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा असेल तर तेही येतील. गाडीने स्वस्त पडतं हा पण गैरसमज, टनेल (म्हणजे समुद्राखालून गाड्या फ्रान्सला नेणारी ट्रेन), टोल, डिझेल, रस्त्यातले मुक्काम धरले की सहा विमानतिकिटांच्या आसपासच येतो हिशोब. मग गाडी का न्यायची? तर डिकी भरून सामान नेता येतं, बाबांना दर दीड तासाला पाय मोकळे करता येतात, आणि एखादं गाव आवडलं तर कोणाला न विचारता तिथे दुपार काढता येते. हेच जर करायचं नसेल, सकाळी सातला ब्रेकफास्ट करून आठला निघायचं असेल, तर सरळ टूर कंपनीची बस घ्या, ते लोक ते काम आपल्यापेक्षा चांगलं करतात.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं: पहिल्या दिवशी दुपारचं टनेल आणि रात्री फ्रान्समधल्या रीम्सला मुक्काम, टनेल जिथे संपतं त्या कॅलेपासून साधारण २७० किमी. दुसऱ्या दिवशी रीम्स ते फ्रान्सच्याच अल्सास भागातलं कोलमार, सव्वाचारशेच्या आसपास, तिथे दोन रात्री. मग बाझलवरून स्वित्झर्लंडमधलं लाउटरब्रुनेन नाहीतर ब्रिएन्झ, अंतर सव्वादोनशेच आहे, आणि तिथे पाच रात्री गाडी जवळजवळ हलवायचीच नाही. येताना जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधून दोन मुक्काम, एक रात्र लक्झेंबर्ग आणि मग बेल्जियममधून कॅले. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून बस, ट्रॅम, ट्रेन सगळं फुकट आहे, आमचे बाबा तिथे नुसते ट्रॅमने या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आले, तिकीट नाही म्हटल्यावर त्यांना राहवेना. दिवसाला चारशे किमीच्या वर जायचं नाही हा माझा नियम, इथे तो थोडासा मोडतो, कोलमारच्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी.

आता व्हिसा, कारण खरी ट्रिप इथेच अडकते, रस्त्यावर नाही. तुमचा ब्रिटिश पासपोर्ट असेल तर व्हिसा नको, पण पासपोर्ट दहा वर्षांपेक्षा जुना नको आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने शिल्लक हवेत. भारतीय पासपोर्ट असेल तर इंग्लंडात कितीही वर्षं राहिलात, आयएलआर (कायम राहायची परवानगी) असलं तरी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा, लागतोच. आई-बाबांचा मात्र भारतातूनच काढा, इथे व्हिजिटर म्हणून आल्यावर सहसा अर्ज घेत नाहीत, हे न कळल्यामुळे आमच्या ओळखीतल्या एकांचे आई-बाबा कॅलेऐवजी इंग्लंडातल्याच केंटमधला समुद्रकिनारा बघून परत गेले. अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे, म्हणजे वरच्या प्लॅनमध्ये स्वित्झर्लंडकडे. फी माणशी ९० युरो, वर व्हिसा सेंटरचा चार्ज, आणि ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स. ऑगस्टसाठी अपॉइंटमेंट एप्रिल-मेमध्येच बघायला लागा.

गाडीचे कागद सोपे आहेत. मूळ व्ही-फाइव्ह-सी म्हणजे लॉगबुक बरोबर हवं, झेरॉक्स नाही. गाडी लीजवर असेल तर लॉगबुक कंपनीकडे असतं, मग त्यांच्याकडून व्हीई-१०३ नावाचा कागद मागवायचा, त्याला आठवडा-दोन आठवडे धरा. इन्शुरन्सचं ग्रीन कार्ड (बाहेरच्या देशात दाखवायचा पुरावा) आता लागत नाही, पण एक गोष्ट फोन करून विचाराच: युरोपात फुल कव्हर आहे का नुसतं थर्ड पार्टी. पुष्कळ पॉलिस्या बाहेर गेल्यावर गुपचूप थर्ड पार्टीवर उतरतात आणि ते बारीक अक्षरात कुठेतरी पान सत्तावीसवर असतं. इंग्लंडचं फोटोकार्ड लायसन चालतं, वेगळं इंटरनॅशनल परमिट नको. बाबांना ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीच्या मोटरवेवर, थोडी चालवायची हौस असेल, आमच्या बाबांना होती, पण पॉलिसीवर नाव नसेल तर स्टिअरिंगला हात लावू द्यायचा नाही, मग ते दोन तास बोलले नाहीत तरी चालेल.

मागे यूके लिहिलेला स्टिकर लावा, सप्टेंबर २०२१ पासून जुना जीबी लिहिलेला चालत नाही. नंबरप्लेटवरच यूके असेल तर फ्रान्स, स्वित्झर्लंडला वेगळा नको. हेडलाइटवर लावायच्या चिकटपट्ट्या घ्या, आपल्या गाडीचा लाइट डावीकडे वर मारतो, तो तिकडे समोरच्याच्या डोळ्यात जातो. नव्या एलईडी गाड्यांमध्ये मेनूत सेटिंग असतं, मॅन्युअल बघा. एक त्रिकोण, आणि माणशी एक पिवळं जॅकेट, ती जॅकेटं डिकीत नाही, सीटखाली ठेवायची, फ्रान्समध्ये गाडीतून उतरायच्या आधी हाताशी हवीत असा नियम आहे. हे सगळं घरूनच घ्या, टर्मिनलच्या दुकानात किंमत ऐकून झीट येईल.

सहा माणसं आणि सात सीटची गाडी म्हणजे डिकी नावालाच, त्यामुळे रूफबॉक्स लागणार. इथे दोन गोष्टी. टनेलचं बुकिंग करताना उंची १.८५ मीटरच्या वर असं निवडा, त्या गाड्या वेगळ्या डब्यात जातात, आणि आयत्या वेळी कळलं तर रांग बदलायची धावपळ. दुसरं, रूफबॉक्सपर्यंतची एकूण उंची टेपने मोजून डॅशबोर्डवर कागदावर चिकटवा. तिकडची बेसमेंट पार्किंगं १.९० ची असतात. मी एकदा रात्री साडेनऊला एका हॉटेलच्या उतारावर थांबलो होतो, पुढे लोखंडी दांडा बॉक्सपासून चार बोटं वर, मागे दोन गाड्या, आणि मुलगा खिडकीतून डोकं काढून "बाबा बसतंय, बसतंय" म्हणतोय. बसलं नाही.

टनेल का फेरी, तर आई-बाबा आणि मुलं असतील तर टनेल. फोकस्टनहून कॅले ३५ मिनिटं, गाडीत बसूनच, खिडक्या अर्ध्या उघड्या, हँडब्रेक आणि गिअरमध्ये टाकून ठेवायची. डोव्हरची फेरी दीड तासाची आणि स्वस्त पडते, मुलांना डेकवर मजा येते, पण आमच्या आईला बोट लागते म्हणून आम्ही सोडली. दोन्हीकडे फ्रेंच पोलीस इंग्लंडच्या बाजूलाच पासपोर्ट तपासतात, म्हणजे पलीकडे उतरलात की थेट मोटरवे. आता बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालीय, तेव्हा वेळ हातचा ठेवून पोचा. आणि शनिवारी निघू नका. जुलै-ऑगस्टचे शनिवार फ्रान्समध्ये अख्खा देश रस्त्यावर असतो, त्यांचं सरकारी ट्रॅफिक खातं दिवसांना रंग देतं, हिरवा, केशरी, लाल, काळा. बिझों फ्यूते (Bison Futé) नावाने शोधा. काळ्या दिवशी घरी बसा.

खाण्याचं सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडातून युरोपात दूधदुभतं आणि मांस न्यायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप नाही, पनीर नाही, पेढे-बर्फी नाही, चितळ्यांचं श्रीखंड तर नाहीच. ताजी फळं-भाज्या पण नाहीत, केळी, नारळ, अननस, खजूर आणि डुरियन एवढीच सूट. हापूसची पेटी किंवा कढीपत्त्याची डहाळी बरोबर असेल तर कचऱ्यात. रोज तपासत नाहीत, पण तपासलं तर तिथे उभं राहून आईच्या हातची बर्फी कचऱ्याच्या डब्यात टाकायची, ते दृश्य नको. पोहे, रवा, मूगडाळ, तांदूळ, मसाल्याचा डबा, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, भडंग, हे बिनधास्त. आमच्या आईला तुपाशिवाय वरणभात म्हणजे आजारी माणसाचं जेवण, तर तिने कोलमारच्या सुपरमार्केटमधून बिनमिठाचं लोणी आणलं, पुड्यावर बर दू लिहिलेलं असतं ते, दमी-सेल लिहिलेलं खारं, ते नाही घ्यायचं, आणि भाड्याच्या घराच्या स्टोव्हवर अर्ध्या तासात तूप कढवलं. घरमालकीण वासाने खाली आली, तिला वाटलं आम्ही केक करतोय. पुढचे सगळे दिवस ती बरणी आईच्या मांडीवर होती, डिकीत सांडेल म्हणून. परत येताना उरलेलं तूप संपवूनच निघा, कारण एप्रिल २०२५ पासून इंग्लंडनेही युरोपातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी घातलीय, स्विस चीजसुद्धा त्यात आलं. हे नियम बदलतात, निघायच्या आठवड्यात एकदा बघून घ्या.

तर आता चालवणं. उजवीकडून चालवायची भीती पहिल्या वीस मिनिटांत जाते, कारण कॅलेला उतरल्या उतरल्या मोटरवे लागतो, सगळे एकाच दिशेला चाललेत, चुकायला जागाच नाही. चूक तिसऱ्या-चौथ्या दिवशी होते, सकाळी, रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोलपंपातून किंवा बेकरीच्या पार्किंगमधून बाहेर पडताना. समोर गाडी नसते, डोकं कॉफीच्या मागे असतं, आणि हात आपोआप डावी लेन पकडतात. मी दोनदा केलंय. त्यामुळे आमच्याकडे नियम असा की प्रत्येक वेळी गाडी सुरू केली की पुढे बसलेला माणूस मोठ्याने "उजवीकडे" म्हणणार, मग तो रुसलेला असो नाहीतर झोपेत. बाळबोध वाटतं, पण चालतं.

स्टिअरिंग उजवीकडे असल्याने दोन लेनच्या रस्त्यावर ट्रकच्या मागून पुढचं दिसत नाही, ओव्हरटेक करायचा झाला तर शेजारच्याला विचारूनच, आणि खरं सांगू, करूच नका, दहा मिनिटांत मोटरवे येतो. त्याच कारणाने टोलनाक्याचं मशीन पण डावीकडे, म्हणजे पुढच्या सीटवरच्या माणसाची ड्यूटी. आमच्याकडे ती आईने घेतली. पहिल्या नाक्यावर सीटबेल्ट काढून, अर्धी बाहेर लटकून तिने तिकीट ओढलं, ते वाऱ्याने उडालं, आणि मागचे फ्रेंच हॉर्न वाजवायला लागले, तेव्हा तीच त्यांना हात दाखवून मराठीत थांबा म्हणाली. तिसऱ्या दिवसापर्यंत तिकीट, कार्ड, पावती असं सगळं तिच्या पर्समध्ये कप्प्याकप्प्यात होतं. तुम्हाला हे नको असेल तर टोलचा टॅग मागवा, काचेला लावायचा, दांडा आपोआप उघडतो. टॅग नसेल तर हिरव्या बाणाची लेन घ्यायची, नुसता केशरी टी असलेली लेन टॅगवाल्यांची. कॅले ते रीम्स पंचवीसेक युरो जातात. पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए-१३ वर आता नाकेच काढून टाकलेत, कॅमेरा नंबर घेतो आणि ७२ तासांत ऑनलाइन भरायचे, तुम्ही तिकडे जाणार नाही पण कधी गेलात तर लक्षात ठेवा. येतानाचा माझा रस्ता, लक्झेंबर्ग-बेल्जियम, त्यात टोल नाहीच, जर्मनीत पण नाही. स्वित्झर्लंडला वर्षाचा एकच पास मिळतो, ४० फ्रँक, तीन दिवसांचा वगैरे मिळत नाही, ऑनलाइन काढा. नसला तर २०० फ्रँक दंड, शिवाय पासचे पैसे.

फ्रान्समध्ये सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य. रस्त्याकडेच्या पाटीवर पांढऱ्या कडेचा पिवळा हिरा दिसतोय तोवर तुम्ही मुख्य रस्त्यावर, बिनघोर जा. त्या हिऱ्यावर काळी रेघ मारलेली दिसली की खेळ संपला, आता उजवीकडच्या बोळातून येणारा कुठलाही माणूस न बघता बाहेर येणार आणि कायद्याने तोच बरोबर. अल्सासमधल्या एका खेड्यात माझ्यासमोर असा ट्रॅक्टर आला, आजोबांनी मान सुद्धा वळवली नाही. मी ब्रेक मारला, आईच्या मांडीवरची तुपाची बरणी वाचली एवढंच. आपल्याकडे मोठी गाडी आधी हा नियम असतो, तिकडे उजवी बाजू आधी, मग ती सायकल का असेना.

स्पीडचं, सगळे आकडे किमीमध्ये: फ्रान्सच्या मोटरवेवर १३०, पाऊस असेल तर ११०, दोन लेनच्या गावरस्त्याला बहुतेक ठिकाणी ८०. स्वित्झर्लंडमध्ये १२० आणि तिथे खरंच १२०, दोन-चार वर गेलं तर चालतं हा विचार डोक्यातून काढा. जर्मनीत जिथे लिमिट नाही तिथेही आपण उजव्या लेनमध्ये १२० ने जायचं, डाव्या लेनमध्ये जाण्याआधी आरसा दोनदा बघायचा, लांब दिसणारा ठिपका चार सेकंदांत मागच्या बंपरला असतो. आणि ट्रॅफिक जॅम झाला की डावी लेन आणखी डावीकडे, बाकीच्या उजवीकडे सरकून मधे अँब्युलन्सला वाट ठेवायची, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड तिन्हीकडे. न सरकलात तर लोक उतरून सांगतात. फ्रान्समध्ये कानात ब्लूटूथ घालून चालवायचं नाही, आणि रडार दाखवणारी ॲपं बंद ठेवायची, स्वित्झर्लंडमध्ये तर फारच वाईट.

डिझेल भरताना इंग्लंडच्या सवयीने काळा पाइप शोधू नका, रंग बदलतात. तोंडाजवळचं लेबल बघा: गोलात ई म्हणजे पेट्रोल, चौकोनात बी म्हणजे डिझेल. फ्रान्समध्ये डिझेलला गाझोल म्हणतात, नाव ऐकून गॅसोलीन समजू नका, असं समजून एका ओळखीच्यांनी टाकी रिकामी करण्यात अख्खा दिवस घालवलाय. मोटरवेवर महाग, सुपरमार्केटच्या पंपावर स्वस्त, लक्झेंबर्गला टाकी फुल करूनच पुढे निघा. प्रदूषणाच्या झोनसाठी गाडीचं इंजिन युरो कितीचं, म्हणजे प्रदूषणाच्या कुठल्या दर्जाचं, ते लॉगबुकवर बघा. स्ट्रासबुर्गला फ्रेंच स्टिकर, जर्मनीच्या फ्रायबुर्गसारख्या शहरांना हिरवा स्टिकर, ब्रुसेल्सला आधी ऑनलाइन नोंदणी. सोपा उपाय म्हणजे मोठ्या शहरात गाडी घालायचीच नाही.

घाटाचं तुम्हाला शिकवायला नको, खंबाटकी-वरंध केलेल्या माणसाला स्वित्झर्लंडमधला फुर्का पास जमतो. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक तापवायचे नाहीत. फरक एवढाच की पिवळी पोस्टबस, म्हणजे तिथली एसटी, समोरून आली की तिचा ड्रायव्हर सांगेल तसं मागे-पुढे व्हायचं, तिचा हॉर्न तीन सुरांचा असतो, वळणाआधीच ऐकू येतो. फुर्का २,४२९ मीटरला आहे, उन्हाळ्यातच उघडा असतो. लाउटरब्रुनेनहून वर वेंगेन, म्युरेनला गाड्या जातच नाहीत, खाली पार्क करून ट्रेनने नाहीतर केबलकारने. आणि स्वित्झर्लंडला पोचलात की मोबाइलचा डेटा बंद ठेवा, ते ईयूमध्ये (युरोपियन युनियनमध्ये) नाही, कितीतरी प्लॅनमध्ये रोमिंग वेगळं लागतं. नकाशे आधी डाउनलोड करा.

शेवटी ब्रेकडाउन. युरोपचं कव्हर घ्याच, आणि गाडीत स्टेपनी आहे का ते आज संध्याकाळी खाली जाऊन बघा. हल्ली नुसता फोमचा डबा देतात. आमचा टायर फ्रान्समधल्या लांग्रच्या जवळ ए-३१ मोटरवेवर गेला, १४ ऑगस्टच्या संध्याकाळी, बाजूने चिरला होता, फोम एका बाजूने घातला की दुसऱ्या बाजूने बाहेर. फ्रेंच मोटरवेवर आपल्या कंपनीला थेट बोलावता येत नाही, रस्त्याकडेच्या केशरी फोनवरून तिथला ठरलेला टो-वालाच येतो, पैसे आपण भरायचे आणि पावती नंतर कंपनीला द्यायची. तो आला, गाडी गॅरेजला नेली, आणि हसून म्हणाला उद्या बंद. १५ ऑगस्टला फ्रान्समध्येही सुट्टी असते, मेरीच्या सणाची. बाबा म्हणाले वा, इथेही आपला स्वातंत्र्यदिन, आणि आम्ही दीड दिवस त्या गावाच्या तटबंदीवर फिरत काढला. तेव्हापासून रूफबॉक्समध्ये बारीक स्टेपनी आणि जॅक असतो.

परत आल्यावर फोकस्टनच्या पहिल्या राउंडअबाउटला जपा, बारा दिवसांत हात उजवीकडे वळलेले असतात, माझ्या ओळखीतले दोघं तिथेच चुकले. गाडीचं मॉडेल आणि रजिस्ट्रेशनचं वर्ष कळवा, म्हणजे हेडलाइटचं आणि स्टिकरचं नक्की काय ते सांगतो.